गाणं थांबवणारा रेवण

या, असे जरा जवळ सरकून बसा. रागावणार आहे मी, पण मायेनंच. तेव्हा तोंड पाडू नका. गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी किती जण लग्नात, हळदीत, वरातीत त्या एका गाण्यावर नाचलात? हलगी कडाडते, खालून जमीन हलवणारा ठोका येतो, सगळ्यांचे हात वर जातात, आणि ऐन भरात एक बाई ओरडते, "अरे, दम घे की जरा." झालं, सगळं बंद. कुणाचा हात हवेत, कुणाचा पाय. मग तो ठोका पुन्हा अंगावर कोसळतो आणि तुम्ही मांडव डोक्यावर घेता. नाचलात, घाम पुसलात, जेवलात, घरी गेलात. हे कुणी केलं असेल, असं एकानं तरी विचारलं का? वरातीतल्या घोडीचं नावसुद्धा विचारतात लोक.

ज्यानं ते केलं तो रेवणसिद्ध. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सगळे त्याला रेवण मिस्त्री म्हणत. त्याची खोली माझ्या स्वयंपाकघराला लागून होती, मध्ये एकच भिंत. मी कडक भाकऱ्या करून विकते आणि तो फाटलेले स्पीकर दुरुस्त करायचा. चौदा वर्षं आम्ही एकमेकांचा आवाज सोसला. माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि पेठेतल्या वाचनालयात शिकले. तेव्हा लिहिताना कुठं घसरले तर सांभाळून घ्या.

पहिल्यांदा पाहिला तो माझ्या भिंतीला चिकटलेला. भर दुपारी भाकऱ्यांची चवड बाहेर ठेवायला आले, तर गल्लीत एक उंच, काळासावळा, तिशीतला माणूस माझ्या भिंतीवर दोन्ही तळवे आणि एक गाल टेकवून डोळे मिटून उभा. वाटलं, याला चक्कर आली किंवा दुपारीच लावून आलाय.

"काय रे, पाणी देऊ का?" मी विचारलं.

"गप बसा काकू, भिंत बोलतीया," डोळे न उघडता म्हणाला.

स्वतःच्या घरासमोर मला कुणी गप बसवलं नव्हतं. मी चांगली तोंड सोडायला निघाले होते, पण त्याचा चेहरा असा होता, जसा गरोदर बाईच्या पोटाला कान लावलेल्या सुईणीचा असतो. थोड्या वेळानं त्यानं हात काढले, पँटला पुसले आणि म्हणाला, "आत नवा स्पीकर लावलाय. खालचा आवाज भिंतीत उतरतोय का बघत हुतो. उतरतोय. तुमची भिंत लई चांगली हाय."

त्याचा डावा कान अर्धा गेलेला होता. लहानपणापासून दुरुस्त केलेल्या स्पीकरला कान लावून पाहायची सवय, त्याचं फळ. म्हणून गाणं कसं झालंय ते तो तळहातानं पाहायचा. भिंतीवर, टेबलावर, कधी पाण्यानं भरलेल्या घागरीवर हात ठेवायचा. "कान फसतोय काकू, हात न्हाय फसत," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मूळचा सोलापूरजवळच्या कुंभारीचा. बायको-मुलं तिकडंच, इथं तो आणि त्याची आई, अव्वा. घरात कानडी, गल्लीत मराठी. यंत्रांशी मात्र तो कानडीतच बोलायचा. संगणकापुढं बसला की "निल्लु, निल्लु" करत राहायचा. निल्लु म्हणजे थांब. त्याची अव्वा आतून ओरडायची, "कुणाला थांबवतोस रे?" तर म्हणायचा, "गाण्याला."

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते घरात बसले ते बसलेच. रेवण सांगायचा, "भोंगा बंद झाला त्या दिशी अप्पाबी बंद झाला. जेवायचा, झोपायचा, पण चालू न्हवता." हे तो हसत सांगायचा. त्याचं हसणं मला कधीच खरं वाटलं नाही.

स्पीकर दुरुस्तीला आलेल्या लोकांकडून त्याला परदेशी नाचाच्या गाण्यांचा नाद लागला. नुसता ठोका आणि यंत्रांचे आवाज, त्यात ना राग ना शब्द. मी म्हटलं, "यात ऐकायचं काय?" तर तो शेगडीजवळ उकिडवा बसून मला शिकवायला लागला. माझ्या हातात पीठ, आणि याचं व्याख्यान.

"काकू, ह्येच्यात जाती हायत्या. एका मिनिटात ठोके किती, त्येच्यावर जात ठरती."

"म्हणजे तिकडंही जातीच?"

"हायत की. पण तितं ठोका बदलला की जात बदलती. आपल्यासारकं न्हाय."

मग त्यानं एका गावाची गोष्ट सांगितली. दूरच्या देशातलं गाव, तिथले मोटारींचे कारखाने बंद पडत गेले. तिथल्या पोरांनी यंत्रांच्या आवाजाचाच नाच केला. पुढं त्या नाचाला नाव मिळालं, त्याच्यावर पुस्तकं निघाली. कुणाच्या तळघरात पहिल्यांदा वाजलं, कोण कोण होतं, सगळं लिहून ठेवलेलं. आता लांबलांबून माणसं ती गल्ली पाहायला जातात.

"गिरण्या आमच्याबी बंद पडल्या," तो म्हणाला. "गल्ली आपल्याकडंबी हाय. लिवणारं कुणी न्हाय, एवढंच."

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण पुढं हाच माणूस नावाची गोष्ट निघाली की खांदे उडवायचा, आणि मी त्याच्या खांद्यांवर विश्वास ठेवायची.

आता ते गाणं. करकंबचे दादूमामा हलगी वाजवायचे. साठी उलटलेली, दात चारच, पण हातात वीज. रेवणनं त्यांना कुठल्याशा जत्रेत ऐकलं आणि एसटीनं बोलावून घेतलं. हलगीचं कातडं शेकल्याशिवाय बोलत नाही, आणि रेवणच्या खोलीत विस्तव नव्हता. म्हणून दोघं माझ्या परसातल्या चुलीपाशी आले. एका बाजूला माझ्या भाकऱ्या, दुसऱ्या बाजूला मामांची हलगी.

रेवणनं तीनदा वाजवायला लावली. गार असताना, कोमट असताना आणि तापून टणक झाल्यावर. मामा वैतागले. "लेका, म्या हलगीवाला हाय का चहावाला? गार म्हनतोस, गरम म्हनतोस."

"मामा, तिन्ही आवाज येगळे हायत. तिन्ही लागत्यात."

"आमाला लोक एकच मागत्यात. मोठा."

दोन-तीन दिवस त्यांचं ते चाललं. हलगीखाली रेवणनं आपला खोल ठोका घातला, तो असा की माझ्या फळीवरच्या भाकऱ्या थरथरायला लागल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी अख्खी चवड खाली आली. पहाटेपासूनचं काम होतं ते. मी पिठाच्या हातानं त्याच्या खोलीत शिरले आणि ओरडले, "अरे, दम घे की जरा. भाकऱ्या पडल्या माझ्या."

मामांसमोरचा माइक चालू होता. मामांचा हात जागेवर थांबला. दोन क्षण खोलीत कुणी हललं नाही. मग रेवण म्हणाला, "काकू, आता जावा. काय बोलू नका, नुसतं जावा."

संध्याकाळी दहा भाकऱ्यांचा चुरा त्यानं स्वतः गोळा केला, आणि मला खुर्चीवर बसवून गाणं ऐकवलं. माझा आवाज ऐकून मी पदर तोंडावर घेतला. "काढ ते," म्हटलं. "म्हातारी भांडकुदळ वाटतेय."

"गाणं त्येच्यातच हाय," तो म्हणाला. "वाजवाय सगळ्यांना येतंय काकू. थांबवाय येत न्हाय कुणाला."

एका वर्षात ते गाणं सोलापूरभर झालं. आमच्याकडं एक रीत आहे, बाहेरच्यांना सांगायला हवी. मिरवणुकीत प्रत्येक मंडळाला गाण्यात स्वतःचं नाव लागतं. गाणं वाजताना मध्येच घोषणा होते, अमुक चौक, तमुक मंडळ. मंडळाची माणसं रेवणकडं चिठ्ठी घेऊन यायची, हा तीच फाईल उघडायचा, आधीचं नाव पुसायचा, नवं घालायचा आणि त्याच जागेवर ठेवून द्यायचा. पाटीवर लिहावं, पुसावं, पुन्हा लिहावं, तसं. किती मंडळांची नावं त्या गाण्यावरून गेली असतील, देव जाणे. याचं एकदाही नाही.

"अरे, तुझं नाव घाल की एका कोपऱ्यात," मी म्हणायची. "बाकीचे बघ, दर अर्ध्या मिनिटाला स्वतःचं नाव घोकतात."

"न्हावी नवरदेवाच्या गालावर सही करतोय का?"

"न्हाव्याची गोष्ट वेगळी."

"तुमचा आवाज, मामाची हलगी, मंडळाचं नाव. माझं त्येच्यात काय हाय काकू? मदली मोकळी जागा. मोकळ्या जागेवर नाव कुटं लिवू?"

मी हसायची. आज वाटतं, त्याच वेळी हात धरून लिहायला लावायला हवं होतं.

पुढं जे झालं ते मी केलं. हे लिहिताना माझा हात दोनदा थांबला, पण लिहिते.

रेवणच्या अव्वाला दवाखान्यात ठेवलं होतं. तो तिकडं, आणि खोलीची किल्ली माझ्याकडं. एका सकाळी नागेश आला. त्याची आवाजाची गाडी होती. लग्नात, मिरवणुकीत लावायचा. पाया पडला, मावशी म्हणाला. "बहिणीची हळद हाय हो मावशी. रेवणअण्णा म्हणले, काकूकडनं गाणं घ्या. डब्यात पेनड्राइव्ह हाय म्हणले."

मला कसली शंका? मी खोली उघडली. फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात जुने स्क्रू, वायरींचे तुकडे, आणि पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला एक पेनड्राइव्ह. दोऱ्याला कागदाची चिठ्ठी होती, तिच्यावर रेवणच्या अक्षरात एक शब्द लिहिलेला: कोरं. मी तो नागेशच्या हातात ठेवला. वर दोन भाकऱ्याही बांधून दिल्या, बहिणीच्या हळदीच्या म्हणून.

संध्याकाळी रेवणला सांगितलं. तो दारात चप्पल काढत होता. एक चप्पल पायातच राहिली.

"तू सांगितलं होतंस ना त्याला?"

"न्हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "पण मागितलं असतं तर दिलं असतं की. गाणं काय डब्यात ठिवाय केलं हुतं का?" आणि दुसरी चप्पल काढून आत गेला.

पेनड्राइव्ह परत आला नाही. महिनाभरात ते गाणं फोनवर आलं. सुरुवातीलाच एक जाडा आवाज: "नागेश... नागेश... सोलापूर." मग दादूमामांची हलगी, मग मी. मी संतापून नागेशच्या घरी जायला निघाले, तर रेवणनं वाट अडवली. "काकू, अव्वा आजारी हाय. मला भांडान नको आता." म्हणून मी थांबले. अव्वा गेली, दिवस झाले, आणि मग भांडायची वेळ निघून गेलेली होती. भांडण शिळं झालं की आपणच वेडे दिसतो.

आता एखाद्या गोष्टीला नाव कसं पडतं ते बघा. आधी ड्रायव्हर लोक म्हणायचे, "ते म्हातारीचं गाणं लाव." मग दुसऱ्या गावच्या पोरांनी तसलीच गाणी केली. कुणी आपल्या आत्याला ओरडायला लावलं, कुणी मास्तरांना, कुणी एसटीच्या कंडक्टरला. हलगी, खोल ठोका, मध्ये कुणाचं तरी रागावणं, शांतता, आणि पुन्हा ठोका. एकाचं गाणं असतं तोवर त्याला नाव लागत नाही. शंभरांचं झालं की लागतं. पोरं त्या सगळ्याला "दम" म्हणायला लागली. पुण्या-मुंबईच्या नाचघरांत दमची रात्र म्हणून जाहिराती लागल्या. रेवणच्या फोनवर मी त्या पाहिल्या. "बघ, जात झाली तुझी," मी म्हटलं. तो फोन हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. खूश होता. मला दिसत होतं. कपाळावर आठी आणि ओठांच्या कडा वर, असा तो खूश व्हायचा.

आणि जात झाली की तिचा इतिहास लिहायला माणसं येतात. तशी पुण्याहून ऋता आली. पंचविशीतली, शहाणी मुलगी. तिला वाईट म्हणणार नाही मी. एका संस्थेसाठी ती दमचा इतिहास गोळा करत होती. पुस्तक निघणार होतं, सोलापुरात कार्यक्रम होणार होता, भिंतीभर नकाशा लागणार होता. ती आधी नागेशकडं गेली, कारण जगात सापडणारं सगळ्यात जुनं गाणं त्याच्या नावाचं. मग कुणीतरी तिला आमची गल्ली सांगितली.

मी तिला बसवलं, शेंगाचटणी-भाकरी वाढली आणि सगळं सांगितलं. ती लिहून घेत होती. रेवणला बोलावलं. तो दारातल्या पायरीवरच बसला.

"काका, तुमच्याकडे मूळ फाईल असेल ना?" तिनं विचारलं. "तारीख असलेली?"

"तारीख दर वेळी नवी पडायची. त्येच फायलीवर ठिवत गेलो. मंडळवालेबी जुनं पुसून नवं भरत्यात."

"म्हणजे पहिली प्रत पुसली गेली?"

"व्हय."

"दुसरी एखादी? मंडळाचं नाव घालण्याआधीची? कोरी प्रत कुठं ठेवली होती का?"

रेवणनं माझ्याकडं पाहिलं. अगदी एवढंसं. मग ऋताकडं वळून म्हणाला, "न्हवती."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तो पांढरा दोरा आला. कोरं. मी नऊ वर्षं समजत होते की एक पेनड्राइव्ह गेला. नावाची पर्वा नाही म्हणणाऱ्या या माणसानं एक प्रत, एकच प्रत, दोरा बांधून, चिठ्ठी लावून जपून ठेवली होती. ती मी माझ्या हातानं भाकऱ्यांसकट दिली होती. आणि आता ज्या एका उत्तरावर त्याचं नाव लागणार होतं, ते उत्तर तो माझ्यासाठी गिळत होता.

"होती," मी म्हटलं. "होती गं. मीच दिली ती नागेशला." आणि मी सगळं सांगितलं.

ऋतानं लेखणी थांबवली. "आजी, मला तुमचं पटतंय. पण नागेशजी म्हणतात, काकांनी त्यांचे स्पीकर दुरुस्त केले, गाणं त्यांनी स्वतः केलं. माझ्याकडं त्यांची तारीख आहे. तुमच्याकडं..."

"माझ्याकडं मी आहे. तो आवाज माझा आहे."

तिनं फोन पुढं केला. "म्हणून दाखवाल का?"

मी म्हटलं. दोनदा म्हटलं. तिनं कानाला लावून गाण्याशी ताडून पाहिलं आणि हळूच नाही म्हणून मान हलवली. नऊ वर्षांत माझे वरचे दात जाऊन कवळी आली होती. शब्द पुढं सांडत होते.

रेवण पायरीवरून हसला. "काकू, त्या दिशी तुमी खरंच चिडला हुता. राग सांगून येत न्हाय."

ती गेल्यावर मी त्याला विचारलं, "खोटं का बोललास?"

"खरं बोलून काय हुतं? पेनड्राइव्ह माघारी आला असता?"

"नाव लागलं असतं तुझं."

"तुमचंबी लागलं असतं," तो म्हणाला. "येडी म्हातारी, जिनं चोराला किल्ली दिली. पुस्तकात छापलं असतं त्ये. म्हणून न्हवती म्हणलो."

कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. दादूमामा तोवर वारले होते. रेवणनं पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. सभागृहाच्या भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर दिवे. सोलापूरवर सगळ्यात मोठा दिवा. खाली पाटी होती. मी चष्मा पुसून वाचली. उगम, सोलापूर. जनक, नागेश. हलगी, पारंपरिक. स्त्रीचा आवाज, बहुधा जुन्या तमाशातील ध्वनिमुद्रण.

आयुष्यात मी तमाशाच्या तंबूकडं फिरकले नव्हते.

व्यासपीठावर नागेशला शाल घातली, श्रीफळ दिलं. त्यानं भाषण केलं, लहानपणापासून हलगीचं वेड कसं होतं ते सांगितलं. मी उठले. "मला बोलायचंय," म्हटलं. सूत्रसंचालक म्हणाला, "आजी, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत." रेवणनं माझा पदर धरून खाली बसवलं. पण नागेशनं आम्हाला पाहिलं होतं. त्यानं माइक घेतला, आणि गोड आवाजात म्हणाला, "आज आपल्यात आमचे रेवणअण्णा बसल्यात. आमच्या स्पीकरचे मिस्त्री. त्यांचंबी योगदान हाय. जोरात टाळ्या."

टाळ्या पडल्या. रेवण उठला. हात जोडले. चारही दिशांना, लग्नातला मुलीचा बाप जोडतो तसे. आणि बसला.

बाहेर टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, "मिस्त्री म्हणाला तुला."

"खोटं काय म्हणला? मिस्त्रीच हाय की मी." त्यानं कप खाली ठेवला. मग तो बोलला, आणि चौदा वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "माझं ऱ्हाऊ द्या काकू. पण मामाला पारंपरिक लिवलं त्येंनी. तीनदा शेकून वाजवली त्या माणसानं. तुमच्या चुलीपाशी हात भाजला हुता त्येचा, फोड आला हुता. पारंपरिक म्हंजे काय? म्हंजे कुणाचाच न्हाय."

त्यानंतर त्यानं गाणं केलं नाही. संगणक विकला. वर्षभरात खोली सोडली आणि कुंभारीला बायको-मुलांत राहायला गेला, कामगारांच्या वसाहतीत. तिथं विहिरींवरच्या पाणी-मोटारींची जळालेली गुंडाळी बदलून द्यायचा. मी दोनदा गेले. पहिल्या वेळी त्यानं मला एक दुरुस्त केलेली मोटार दाखवली, बटण दाबलं, आणि सवयीनं तळहात तिच्यावर ठेवला. मी विचारलं, "काय म्हणतेय?" तर म्हणाला, "पाणी ओढतीया. तेवढंच येतंय तिला." दुसऱ्या वेळी तो खाटेवर होता. उजवा कानही गेला होता. मी पाटीवर लिहून बोलायची, तो मोठ्यानं उत्तरं द्यायचा. मी लिहिलं, माझी चूक झाली. त्यानं वाचलं, हातानं पुसून टाकलं आणि पाटी मला परत दिली. "दुसरं कायतरी लिवा," म्हणाला.

उन्हाळ्यात तो गेला. काविळीचं निमित्त झालं. मातीला गल्लीतली आम्ही चार माणसं आणि वसाहतीतली दहा-बारा. आवाजाच्या गाडीवाल्यांपैकी कुणी नव्हतं. ज्यांचे स्पीकर त्यानं जन्मभर शिवले, त्यांना लग्नसराई होती.

गेल्या आठवड्यात ऋताचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. रेवण गेल्याचं तिला कळलं होतं, तिचा आवाज खरंच उतरला होता. म्हणाली, "आजी, मला त्यांच्याबद्दल दोन ओळी घालायच्यात. पुरावा नाही, तेव्हा असं लिहिते, की हा ठेका मूळ एका स्थानिक तंत्रज्ञानं केला असंही सांगितलं जातं. चालेल ना?"

"कोण सांगतंय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सांगितलं जातं म्हणतेस. आपोआप सांगितलं जातंय का ते? मी सांगतेय. माझं नाव घाल. शुक्रवार पेठेतली भाकरीवाली सांगते, तिनं स्वतः पाहिलं, आणि तिच्याच हातून ते गेलं, असं लिही. येडी म्हातारी म्हणू देत. आणि हलगीपुढं करकंबचे दादूमामा असं लिही."

ती म्हणाली, "आजी, संपादकांशी बोलते." म्हणजे काय होणार ते मला कळतं. मी काही कालची नाही.

म्हणून हे मी लिहिलं. पुस्तकात जागा दोन ओळींची. माझ्या वहीत जागा आहे. पण वहीचं काय, ती उद्या कुणी भाकऱ्या बांधायलाही घेईल. दादूमामा गेले, रेवण गेला. त्या दुपारी त्या खोलीत तीनच माणसं होती, आणि त्यातली उरलेली मी पंचाहत्तरीला आलेय, जिने चढवत नाहीत. ऐकून ठेवायला कुणीतरी माझ्यासमोर बसायला हवं, मध्येच मला अडवून प्रश्न विचारायला हवेत. फोनवर होत नाही ते. तेव्हा पुढच्या लग्नात त्या गाण्यावर नाचायच्या आधी एकदा इकडं या. शुक्रवार पेठेत येऊन कडक भाकरीवाली काकू कुठं राहते विचारा, कुणीही दाखवील. चटणी ताजी आहे, भाकऱ्या महिनाभर टिकतात. मी टिकेन असं नाही, म्हणून म्हणते, सवडीनं नको, लवकर या.